मधल्या डब्याखालची मोटर

अण्णा, मोटर मधल्या डब्याखालीच होती. तुमचं बरोबर होतं आणि माझं साफ चूक. हे एवढंसं वाक्य तुम्हाला सांगायला मला पाच वर्षं मिळाली. तुम्ही समोर बसलेले असायचात, अक्कांच्या हातची कॉफी दोघांच्या मध्ये असायची, आणि तरी मी ते सांगितलं नाही. परवा तुमचा तेरावा झाला आणि आता मला कंठ फुटला आहे. माझं सगळं असंच उशिरा, हे तुम्हाला नवीन नाही.

परवा घरी सगळे जमले तेव्हा तुमच्याबद्दल दोन शब्द बोला म्हणून मला फार आग्रह झाला. मी काही उठलो नाही. बाकीचे छान बोलले. तुम्ही दुरुस्त केलेल्या वीणा कुठे कुठे वाजतात ते कुणी सांगितलं, तुमच्या फटकळ जिभेचे किस्से कुणी सांगितले. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते एका रविवारबद्दल होतं. मद्रासची ती जुनी विजेची गाडी, आपल्या मंडळाची सहल आणि तुमचे कान. त्या गाडीचा आवाज तुम्हाला एकदा ऐकू यावा एवढ्यासाठी आपण गेलो होतो, आणि तो तुम्हाला ऐकू येऊ नये याची पक्की व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

आपली ओळख इथे बेंगळुरात, सिटी स्टेशनच्या फलाटावर झाली. पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात मी नोकरीला आलो त्याला तेव्हा तीन-चार महिने झाले असतील. विधानसौधाच्या भिंती अजून चढत होत्या. नव्या गावात रविवारी करायचं काय, म्हणून मी गाड्या बघायला जायचो. तो नाद मला लहानपणापासूनचा. फलाटाच्या टोकाला पाच-सात जण उभे असायचे, हातात वह्या, इंजिनांचे नंबर लिहून घ्यायचे. त्यांत तुम्ही एकटेच असे की वही नाही, पेन्सिल नाही आणि डोळे मिटलेले. मी आपला स्वतःशीच मराठीत पुटपुटलो, "हे गृहस्थ उभ्या उभ्या झोपले की काय?"

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "झोपलो नाही रे. ऐकतोय. तू स्वल्प गप्प बस की."

मी चाट पडलो. गाडी गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" पुणेरी माणूस दुसरं काय विचारणार? तुम्ही मला वरून खालपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "शिकलो? आमची माणसं घोड्यावरून आली इथं, तीनशे वर्षं झाली. तू परवाच्या मेलने आलास." मग लगेच, "जेवलास का?" त्या दुपारी मी चामराजपेटेत तुमच्या घरी पाटावर बसून हुळी-भात, म्हणजे तुमच्याकडचं आंबट सांबार आणि भात, जेवलो, आणि तुमच्या पत्नींनी, अक्कांनी, मला विचारून न विचारल्यासारखं तीनदा वाढलं. तेव्हापासून तुम्ही मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाहीत. 'पुणेकर' हेच माझं नाव झालं. माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी तेच.

फलाटावरच्या त्या वहीवाल्यांचं आणि आपलं पुढे मंडळ झालं, आणि त्याचा तो मौनाचा नियम तुमचाच. गाडी हलली की तिचा शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत कुणी बोलायचं नाही; आपण गाडीत असलो तर ती पुढे कुठे थांबेपर्यंत. डिसूझा मास्तर कॅन्टोन्मेंटच्या शाळेत भूगोल शिकवायचे, दिवसभर बोलून त्यांची गप्प बसायची सवय गेलेली, त्यांना हे फार जड जायचं. पण तुमच्यापुढे कोण बोलणार? तुमचं म्हणणं एकच. गाडी बघायला डोळे कशाला पाहिजेत, डोळ्यांना सगळ्या गाड्या सारख्याच.

आणि सगळ्या गाड्यांत तुमची लाडकी कुठली, तर जी बेंगळुरात नव्हतीच. तरुणपणी तुम्ही मद्रासला मांबलममध्ये मामांकडे राहून वीणेचं काम शिकलात. त्याच सुमारास तिथे विजेच्या गाड्या नवीन सुरू झाल्या होत्या. दिवसभर लाकूड तासायचं आणि संध्याकाळी फलाटावर जाऊन त्या गाड्या ऐकायच्या. "वाफेचं इंजिन खोकतं रे पुणेकर. ही गाते. खालच्या षड्जावरून उठते आणि चढत चढत जाते, आणि वाटेत कुठंही चाचपडत नाही."

यावर आपलं किती वर्षं भांडण झालं! मी म्हणायचो, अण्णा, तो नुसता दातेरी चाकांचा आवाज. चाक जितकं जोरात फिरेल तितका आवाज चढणार. तुमच्या दुकानात बसून मी तुम्हाला दात मोजून हिशेब करून दाखवायचो. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "मग वीणेचं काय? तीपण नुसती तार हलते की." त्यावर मी नुसता आवाज चढवायचो. बाळेपेटेतल्या शेजारच्या दुकानदारांना वाटायचं, या दोघांची एकदा मारामारी होणार.

त्याच दुकानात मला ते कळलं. एका शनिवारी मी न सांगता आलो. तुमची पाठ माझ्याकडे होती. मांडीवर वीणा होती, दांडीवर काळं मेण पसरलेलं, आणि त्या मेणात तुम्ही पितळेचा एकेक पडदा सुरात बसवत होतात. एरवी तार छेडायची, कान द्यायचा, पडदा केसभर सरकवायचा, असं चालायचं. त्या दिवशी तुम्ही जबडा वीणेच्या लाकडाला टेकवला होतात. तार छेडायचात आणि तसेच वाकून राहायचात. मी दोनदा हाक मारली. मग शेजारी पडलेला हातोडा उचलून फळीवर आपटला, तरी तुम्ही वळला नाहीत.

खांद्याला हात लावला तेव्हा तुम्ही दचकलात, आणि पुढच्याच क्षणी तुम्हाला कळलं की मला कळलं आहे. "अक्काला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "आता तुला. तिसऱ्याला नको." कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कानातली बारीक हाडं एकमेकांना धरत चालली आहेत. हवेतून येणारा आवाज आत पोचत नाही. हाडातून गेला तर पोचतो. पण तेही किती दिवस, ते सांगता येणार नाही. ज्या माणसाची सगळी भाकरी कानावर, त्या माणसाने हे मला असं सांगितलं की जणू दुकानाचं छप्पर गळतंय.

आणि मग तुम्ही म्हणालात, "वीणेचं मी बघून घेईन रे, लाकूड माझ्या ओळखीचं आहे. ती गाडी तेवढी एकदा ऐकायची राहिली."

योग असा की त्याच महिन्यात डिसूझा मास्तरांनी बातमी आणली. मद्रासला तारांमधली वीजच बदलणार होती. जुन्या तऱ्हेची जाऊन नव्या तऱ्हेची येणार. जुन्या गाड्या त्या विजेवर चालणार नव्हत्या. बहुतेक निघाल्याही होत्या. तिथल्या शेडमधल्या लोकांनी तीन डब्यांची एक जुनी गाडी तेवढी मायेने जपून, रंगवून ठेवली होती. तार बदलली की तीही कायमची उभी राहणार. मास्तरांनी पत्रांवर पत्रं लिहिली. भूगोलाच्या मास्तराचं अक्षर आणि चिकाटी दोन्ही चांगली, त्यामुळे अखेर परवानगी आली. एका रविवारी सकाळी ती गाडी आपल्या मंडळासाठी बीच स्टेशनपासून ताम्बरमपर्यंत जाणार आणि परत येणार. एकदाच.

मंडळाला ती हौसेची सहल होती. आपल्या तिघांना काय होतं ते आपल्यालाच ठाऊक.

मी कामाला लागलो. आमच्या कारखान्यात यंत्राची बेअरिंगं तपासायला एक साधी युक्ती आहे. लोखंडी सळईचं एक टोक यंत्राला लावायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. आतला बारीकसा खरखराटही डोक्यात वाजतो. तशी एक सळई मी तुमच्यासाठी करून घेतली. तिला मूठ बसवली ती तुमच्या दुकानातल्या फणसाच्या तुकड्याची, वीणेच्याच लाकडाची. तुम्ही ती हातात फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "हे बरं केलंस. माझ्या कानाला तुझ्या कारखान्याची नोकरी लागली." मी इतका फुगलो होतो की काही विचारू नका.

फुगलेल्या माणसाच्या हातून जे होतं ते मग झालं. सहलीआधी मंडळाची बैठक तुमच्या दुकानात भरली. कुणी कुठे बसायचं हे ठरत होतं. तुम्ही म्हणालात, "मला मधल्या डब्यात बसवा. मोटर मधल्या डब्याखाली असते. मी फलाटावर उभा राहायचो ना, मधला डबा समोर आला की आवाज अंगावर यायचा."

मी हसलो. मी ती गाडी जन्मात पाहिली नव्हती. पण मी इंजिनियर होतो. तार गुंडाळायच्या खाकी कागदावर मी झपाझप चित्र काढलं. ड्रायव्हर पुढे, मोटर त्याच्या पायाखाली, मागचे दोन डबे ओढले जाणारे. "अण्णा, तीस वर्षांपूर्वीची आठवण ती. ओढणारं नेहमी पुढेच असतं. मी पहिल्या डब्यात मोटरच्या बरोबर वरची जागा तुमच्यासाठी धरली आहे." सगळे चित्राकडे बघत होते. मद्रासला एक पत्र टाकून विचारलं असतं तर दहा दिवसांत उत्तर आलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला माहीत नाही असं कबूल करायचं, आणि तेवढ्यासाठी आम्ही पुण्याची माणसं जीव देऊ.

तुम्ही चित्र बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सरी, असू दे. तुझं चित्र बरोबर, माझे कान चूक." सगळे हसले. मीही हसलो. कान हा शब्द तेव्हा तुमच्या तोंडून कसा निघाला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या रविवारी सकाळी बीच स्टेशनवर ती उभी होती. नवा तपकिरी रंग, लाकडी बाकं तेल लावून चकचकीत केलेली, पितळेच्या दांड्या पुसलेल्या. शेडचे फोरमन स्वतः आले होते. पांढरी लुंगी, कपाळाला विभूती, आणि मुलीला सासरी पाठवताना बाप असतो तसा चेहरा. तुम्ही गाडीच्या अंगावरून हात फिरवलात. अक्का मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, रात्रभर यांना झोप नाही बघा."

आपण पहिल्या डब्यात बसलो. मी तुम्हाला ड्रायव्हरच्या खोलीला लागून बसवलं, सळई पंच्यातून सोडवून हातात दिली आणि जमिनीवरचं लोखंडी झाकण दाखवलं. घंटा झाली. मौन सुरू झालं. सळईचं टोक झाकणावर, फणसाची मूठ कानामागे, डोळे मिटलेले. गाडी हलली.

मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो. फोर्ट गेलं, पार्क गेलं. चेहरा हलला नाही. तुम्ही सळई थोडी पुढे सरकवलीत, मग मागे. मूठ कानामागून काढून दातांत धरलीत. एग्मोर गेलं. मला स्वतःला मागच्या बाजूने कुठूनतरी बारीक गुणगुण ऐकू येत होती, आणि मी मूर्खासारखा मनात म्हणत होतो की काय सुरेख तेल घातलंय, किती मऊ चालतेय! मांबलमला गाडी थांबली, तुमचं मांबलम, आणि तुम्ही डोळे उघडलेत. सळई पंच्यात गुंडाळलीत आणि मांडीवर ठेवलीत. ती ज्या पद्धतीने गुंडाळलीत ते मला अजून दिसतं. घाई नाही, राग नाही, चारी टोकं नीट आत दुमडून.

मौन संपलं होतं, बाकीचे बोलायला लागले होते. वयाने तुम्हाला जरा कमी ऐकू येतं एवढंच मंडळाला वाटायचं; मास्तरांनी तुमच्या कानाशी येऊन विचारलं, "कसं वाटतंय?" तुम्ही मान डोलावून म्हणालात, "फार चांगलं. जागा चांगली आहे." त्यानंतर ताम्बरम येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. डोळ्यांना सगळ्या गाड्या सारख्याच म्हणणारे तुम्ही डोळे ताणून बघत होतात. माझी खात्री झाली की आपल्याला उशीर झाला. हाडातलंही संपलं.

ताम्बरमला गाडी अर्धा तास थांबणार होती. मला तुमच्यासमोर बसवेना, म्हणून मी खाली उतरलो. काहीतरी बोलायचं म्हणून फोरमनना म्हटलं, मोटर दाखवता का? ते खुशीत चालायला लागले. पहिल्या डब्यापाशी थांबतील असं मला वाटलं. ते थांबलेच नाहीत. मधल्या डब्यापाशी जाऊन लुंगी आवरून बसले आणि खाली बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "इदर देखो सार. दो इदर, दो उदर."

मी पुढच्या डब्याकडे बोट केलं. त्यांनी नकारार्थी हात हलवला. तिथे काही नाही, नुसती चाकं.

अण्णा, मी तिथे खडीवर तसाच वाकून राहिलो. बीचपासून मांबलमपर्यंत तुम्ही एका रिकाम्या डब्यावर सळई टेकवून बसला होतात. मी तुम्हाला तिथे बसवलं होतं, चारचौघांत तुमचं हसं करून. तुमचे कान ठीक होते; गाडीच नव्हती तिथे! आनंदाने उडी मारावी की तोंड लपवावं ते मला कळेना. मी धावत वर आलो आणि तुमच्यासमोर उभा राहिलो. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. मास्तर शेजारी होते, बाकीचेही होते. तुमच्या कानाशी ओरडल्याशिवाय तुम्हाला ऐकू जात नव्हतं, म्हणजे जे सांगायचं ते सगळ्या डब्याला सांगावं लागणार होतं. आणि मी ओरडलो ते हे: "अण्णा, इथे ऊन येतंय! मधल्या डब्यात बसू!"

तुम्ही काही विचारलं नाहीत. उठलात आणि माझ्यामागे आलात. फोरमन मधल्या डब्यात आधीच येऊन उभे होते. तिथेही जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. त्यांनी खुणेने तुम्हाला सांगितलं, इथे. घंटा झाली. तुम्ही सळई झाकणावर टेकवलीत आणि मूठ कानामागे धरलीत.

गाडी सुटल्यावर जे झालं ते मी रोज आठवतो, कारखान्यात जाताना बसमध्येसुद्धा. आधी तुमच्या भुवया वर गेल्या. मग तोंड उघडं पडलं. मग डावा हात आपोआप उठला आणि हवेत वर वर जायला लागला, जसा गाताना जातो. आणि मग मौन तुम्हीच मोडलंत. तुमच्या गळ्यातून सूर निघाला. खोल, खालचा. तो गाडीबरोबर उठला, गाडीबरोबर चढला, आणि वाटेत कुठेही चाचपडला नाही. मोटरचा सूर आणि तुमचा सूर यांत केसाचं अंतर नव्हतं. ज्या माणसाला शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं तो माणूस तेलाने माखलेल्या यंत्राच्या सुरात सूर मिळवून गात होता, आणि डब्यातले सगळे, बोलके मास्तरसुद्धा, श्वास धरून बसले होते. फोरमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

पल्लावरमला गाडी थांबली. सुटली तेव्हा तुम्ही सळई अक्कांच्या कानामागे लावलीत. त्या लाजल्या, मग दचकल्या, मग हसल्या. त्यापुढच्या स्टेशनाला माझी पाळी आली. "लाव, पुणेकर. दात मोजू नकोस, ऐक."

मी ऐकलं. इतकी वर्षं मी यंत्रं ऐकत आलो ती बिघाड शोधायला. कुठे खरखर आहे, काय झिजलंय, काय बदलायचं. बिघाड नसला की माझं ऐकणं संपलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी जे नीट चाललं आहे ते ऐकलं. अण्णा, त्यानंतर माझं सगळंच ऐकणं बदललं. आमचं धाकटं रडायचं तेव्हा मी आधी चिडायचो. आता ते काय म्हणतंय ते ऐकतो. हे तुम्ही मला दिलंत. मी तुम्हाला ऐकवायला घेऊन गेलो होतो आणि ऐकू मला यायला लागलं.

परत आल्यावर तुम्ही सगळ्यांना एकच गोष्ट सांगायला लागलात. जाताना म्हणे तुमचे कान रुसले होते, आणि ताम्बरमची हवा लागली तशी उघडले. "ताम्बरमची हवाच तशी. कुणाला कानाचं दुखणं असेल तर पाठवा." दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायचात, मास्तरांना सांगायचात, माझ्यादेखत माझ्या बायकोलाही सांगितलंत. मी प्रत्येक वेळी कॉफीच्या पेल्यात बघत बसायचो. वाटायचं, या माणसाला हा चमत्कार वाटतो आहे. आता खरं सांगून त्याचा चमत्कार कशाला हिरावून घ्या? अशी मी माझ्या भित्रेपणाला दयेची झूल घातली होती.

मग गेल्या वर्षी हाडातूनही यायचं थांबलं. वीणेचं काम तुम्ही पुतण्याकडे सोपवलंत, पण दुकानात रोज जायचात, पडदा बसला की नाही ते बोटांनी चाचपून सांगायचात, आणि दहापैकी नऊ वेळा बरोबर असायचात. दहाव्या वेळी पुतण्यावर रागवायचात. आपलं बोलणं पाटीवर यायला लागलं. त्यातही भांडण सुटलं नाही. मी दात लिहायचो, तुम्ही षड्ज लिहायचात, खडूंचा चुरा पडायचा. एकदा धीर करून मी पाटीवर लिहायला घेतलं. 'अण्णा, त्या दिवशी मोटर' एवढं झालं आणि तुम्ही पाटी माझ्या हातातून ओढून घेतलीत, तळव्याने पुसलीत आणि लिहिलंत, 'कॉफी गार होतेय.' मला वाटलं, तुम्ही वाचलं नाही. मला बरंही वाटलं.

परवा पाहुणे गेल्यावर दुपारी मी अक्कांपाशी बसलो होतो. तुम्हाला नाही तर निदान त्यांना तरी सांगावं असं ठरवून बसलो होतो. मी चित्रापासून सुरुवात केली. अक्कांनी मला मध्येच थांबवलं.

"बिडी, सोडा ते हो भाऊ," त्या म्हणाल्या. "यांना माहीत होतं. जाताना खरंच वाटलं होतं यांना, की गेलं सगळं. माझा हात धरून बसले होते, किती गार पडला होता हात. मग ताम्बरमला तुम्ही खाली उतरून मधल्या डब्याखाली वाकलात, ते यांनी खिडकीतून बघितलं. तुमचं तोंड कसं पडलं होतं तेपण बघितलं. मला म्हणाले, अग, माझे कान आहेत. मोटर तिथं आहे."

अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि त्यांना हसू आलं.

"त्या दिवशी ताम्बरमला ऊन कुठं होतं हो भाऊ? सकाळपासून आभाळ भरलेलं. तुम्ही येऊन ओरडलात, ऊन येतंय म्हणून, आणि हे उठले ते पंचा डोक्यावर घेऊनच उठले. मी हाताने खुणावलं, अहो, ऊन कुठाय? तर मला म्हणाले, गप्प बस की. पुणेकर ऊन म्हणतोय ना, मग आज ऊन आहे."